अँटीव्हायरस काढतो, रीस्टार्ट केलं की परत येतो: घरच्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: घरचा विंडोज ११ चा कॉम्प्युटर. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, रोज एकच ट्रोजन (साध्या फाइलीच्या वेषात घुसणारा व्हायरस) पकडतो, काढला म्हणून सांगतो, आणि रीस्टार्ट केलं की तेच नाव पुन्हा दिसतं. क्रोममध्ये काहीही शोधलं की भलतंच सर्च इंजिन उघडतं आणि मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं लिहून येतं. पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट होतात. एकदा फॉरमॅट मारूनही फरक पडला नाही.

डिफेंडर खोटं सांगत नाही, तो फाइल खरंच काढतो. पण हरळी वरून कितीही खुरपली तरी जमिनीत काशा राहिल्या की आठ दिवसांत पुन्हा वर येते. इथे काशा म्हणजे ती फाइल पुन्हा आणून ठेवणारी यंत्रणा: एखादं शेड्यूल केलेलं काम, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली) एक ओळ, क्रोमचं सिंक (खात्यासोबत सेटिंग सगळीकडे नेणारी सोय), डी ड्राइव्हवरचा जुना सेटअप, नाहीतर पेन ड्राइव्ह. ‘कुठला अँटीव्हायरस चांगला’ हा प्रश्न म्हणूनच इथे फारसा कामाचा नाही. फाइल परत कोण आणतंय, हे आधी शोधायचं.

त्याआधी एक काम मात्र लगेच करा, आणि ते या कॉम्प्युटरवर करू नका. वायफाय बंद करा किंवा नेटची वायर काढा आणि मोबाइल हातात घ्या. आजकालचे बरेच ट्रोजन पासवर्ड चोरतातच, शिवाय ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या खुणाही उचलतात. लॉगिन झालेली कुकी चोराच्या हातात गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. रेडलाइन आणि लुमा ही याच जातीची नावं. त्यांच्या सर्व्हरवर अनुक्रमे ऑक्टोबर २०२४ आणि मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कारवाई झाली, पण धंदा थांबलेला नाही. मोबाइलवरून पहिला पासवर्ड जीमेलचा बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्याच जोरावर रीसेट होतात. गुगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर ‘युअर डिव्हायसेस’ मध्ये जाऊन हा कॉम्प्युटर साइन आउट करा. रिकव्हरी फोन आणि ईमेल तुमचेच आहेत ना, ते पाहा. जीमेलच्या सेटिंगमध्ये तुम्ही न लावलेलं फॉरवर्डिंग किंवा फिल्टर असेल तर काढा. हे पाहायचं बहुतेक जण विसरतात. मग बँक, डीमॅट, फेसबुक. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’ मधून हा कॉम्प्युटर उडवा. खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळं ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मिनिटांना किंमत असते. कॉम्प्युटर पूर्ण साफ होईपर्यंत नवे पासवर्ड त्यावर टाकू नका.

फाइल परत कुठून येते?

विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’. बहुतेक लोक इथे फक्त व्हायरसचं नाव वाचतात. नावापेक्षा दोन गोष्टी जास्त बोलतात: वेळ आणि ‘अफेक्टेड आयटम्स’ खालचा पत्ता. दहा-बारा नोंदी एकेक उघडून कागदावर लिहून काढा.

नोंद दर वेळी लॉगिननंतर एक-दोन मिनिटांत येत असेल तर स्टार्टअपमध्ये काहीतरी बसलंय. बरोबर दर तासाला किंवा दर दहा मिनिटांनी येत असेल तर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजची सोय. पत्ता क्रोमच्या यूझर डेटा फोल्डरमधला असेल तर एक्स्टेंशन आणि सिंक. पत्ता ई किंवा एफ ड्राइव्हचा असेल तर पेन ड्राइव्ह. डी ड्राइव्हवरच्या ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या फोल्डरमधला असेल तर कुणीतरी जपून ठेवलेला क्रॅक किंवा अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायचा जुगाड. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ मधला असेल तर ती जुन्या रिस्टोअर पॉइंटमधली निजलेली प्रत आहे. तिची घाई नाही, शेवटी रिस्टोअर पॉइंट पुसले की जाते. आणि पत्त्याच्या जागी फाइल नसून ‘कमांड लाइन’ किंवा ‘एएमएसआय’ (स्क्रिप्ट चालण्याआधी अँटीव्हायरसला दाखवणारी विंडोजची सोय) असं काही असेल, तर दर वेळी एखादी स्क्रिप्ट चालू होतेय आणि डिफेंडर तिला दारातच अडवतोय. स्क्रिप्टला हाक मारणारा मात्र तसाच आहे.

‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ च्या पानावरून ‘मॅनेज सेटिंग्ज’ मध्ये जाऊन ‘एक्सक्लूजन्स’ पाहा. बऱ्याच घरांत रहस्य इथेच उलगडतं. घुसलेला प्रोग्रॅम पहिलं काम करतो ते स्वतःचं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह, या यादीत घालण्याचं. म्हणजे डिफेंडर तिकडे बघतच नाही. फुकटात विंडोज किंवा ऑफिस चालू करून देणारे अ‍ॅक्टिव्हेटरही हेच करतात. तुम्ही स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद काढा आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ (डिफेंडरची सेटिंग दुसऱ्या प्रोग्रॅमला बदलू न देणारं कुलूप) चालू करा. काढलेली नोंद दुसऱ्या दिवशी परत दिसली तर आत प्रशासकाचे अधिकार असलेलं काहीतरी अजून जिवंत आहे.

काशा उपटणं

साधनं स्वच्छ कॉम्प्युटरवरून उतरवून घ्या: मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातली ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्याची यादी दाखवणारं) आणि प्रोसेस एक्सप्लोरर (चालू प्रोग्रॅम दाखवणारं), दुसऱ्या मतासाठी मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर. सगळी फुकट आहेत. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून गेल्या वर्षीची प्रत वापरू नका. अधिकृत साइटवरूनच घ्या, कारण सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातींत या नावांच्या नकली प्रती असतात.

ऑटोरन्स ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ने चालवा. ऑप्शन्समध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावा, स्कॅन ऑप्शन्समध्ये ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’ लावा. शेकडो ओळींच्या पन्नास-साठ होतात. गुलाबी ओळ म्हणजे फाइलवर बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही नाही किंवा पटत नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. पिवळ्या ओळी बहुतेक वेळा निरुपद्रवी उरलेला कचरा असतो. पण डिफेंडरने नुकतीच काढलेली फाइल जिथे असायला हवी होती तीच जागा दाखवणारी पिवळी ओळ दिसली, तर ती अगदी नेमकी तुमच्या हरळीची काशी आहे.

संशय कशावर घ्यायचा? ‘अ‍ॅपडेटा’, ‘प्रोग्रॅमडेटा’, ‘टेम्प’ किंवा ‘पब्लिक’ फोल्डरमधून चालणारी, सही नसलेली, नावात नुसती अक्षरांची भेळ असलेली फाइल. फक्त जागेवरून दोषी ठरवू नका. वनड्राइव्ह, झूम, डिस्कॉर्ड हेही अ‍ॅपडेटामध्येच राहतात, पण त्यांच्यावर कंपनीची सही असते. मायक्रोसॉफ्टच्या ओळी लपवण्यात एक धोकाही आहे. पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए, रनडीएलएल३२ हे प्रोग्रॅम विंडोजचे स्वतःचे, सहीसकट. त्यांच्या हातात वाईट स्क्रिप्ट देऊन काम करून घेणं हीच सध्याची रीत आहे. म्हणून ‘शेड्यूल्ड टास्क्स’ चा टॅब गाळणी काढून एकदा डोळ्यांनी वाचाच. पॉवरशेलपुढे दोन-तीन ओळींची अगम्य अक्षरं, ‘हिडन’ हा शब्द किंवा कुठलातरी वेब पत्ता दिसला, तर घरच्या कॉम्प्युटरवर त्याला चांगलं कारण जवळपास नसतंच. ‘डब्ल्यूएमआय’ (ठरावीक घटना घडली की आपोआप काम चालवू शकणारी विंडोजची यंत्रणा) चा टॅबही पाहा. घरगुती कॉम्प्युटरवर तो बहुधा रिकामा असतो, आणि नेमका म्हणून लपायला बरा.

सापडलेली ओळ लगेच डिलीट करू नका, आधी फक्त तिची टिक काढा. चूक झाली तर परत लावता येते. आता एफ५ दाबा. टिक आपोआप परत आली तर आतलं कोणीतरी पहारा देतंय. दोन प्रोसेस एकमेकींवर नजर ठेवून असतात. एक मारली की दुसरी तिला उठवते, आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘एंड टास्क’ दाबून दाबून हात दुखतो. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये त्यांना मारण्याऐवजी ‘सस्पेंड’ करा. गोठलेली प्रोसेस चालूच दिसते, त्यामुळे जोडीदाराला काही कळत नाही. सगळ्या संशयित प्रोसेस गोठवा, मग ऑटोरन्समधल्या टिका काढा, मग एकेक प्रोसेस मारा आणि रीस्टार्ट करा. हा क्रम उलटा झाला की सगळं पहिल्यापासून.

तरीही जमत नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’, आणि ४ दाबा. सेफ मोडमध्ये रजिस्ट्रीच्या रन नोंदी (लॉगिन होताच प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या) चालत नाहीत, टास्क शेड्यूलरही झोपलेला असतो, म्हणून फाइल हलवू देते. दोन गोष्टींची तयारी आधी ठेवा. बऱ्याच विंडोज ११ लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट झालेली असते आणि या वाटेवर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून उघडून आधीच कागदावर उतरवा. दुसरं, सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधीकधी चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो.

यानंतर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करा. ते ‘स्कॅन ऑप्शन्स’ मध्ये सगळ्यात शेवटी आहे. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच स्कॅन चालतं, साधारण १५ मिनिटं. मग पूर्ण स्कॅन, मग सेफ्टी स्कॅनर. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर पूर्ण स्कॅनला चार-पाच तास धरा आणि रात्री लावून द्या. एका वेळी एकच स्कॅनर. कायम पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकत्र बसवले की एकमेकांच्या फाइलींवर झडप घालतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. ‘रजिस्ट्री क्लीनर’ आणि ‘पीसी बूस्टर’ यांचं इथे काहीच काम नाही.

क्रोमचं वेगळं प्रकरण

एक्स्टेंशन काढलं तरी परत येतं किंवा ‘रिमूव्ह’ चं बटणच नसतं, याचं कारण पॉलिसी. ऑफिसच्या शेकडो कॉम्प्युटरवर एकदम सेटिंग लावता यावं म्हणून केलेली ही सोय आहे आणि तीच इथे वापरली जाते. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाइप करा. ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ नावाची नोंद आणि तिच्यापुढे ३२ अक्षरांची माळ दिसली, तर तीच ही बळजबरी. काही अँटीव्हायरसही स्वतःच्या कामासाठी पॉलिसी लावतात, त्यामुळे नुसतं ‘मॅनेज्ड’ वाचून घाबरू नका, यादी वाचा.

रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी लोकल मशीन’, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम इथवर जा. आधी ‘एक्सपोर्ट’ करून प्रत ठेवा, मग ती क्रोमची की पुसा. ‘एचकी करंट यूझर’ खालीही हेच पाहा. एजसाठी पॉलिसीजखाली मायक्रोसॉफ्ट, एज. कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर याला हात लावू नका, तिथे पॉलिसी रास्त असते. की पुसूनही परत आली तर टास्क शेड्यूलरमधलं काहीतरी राहिलंय. मागच्या पायरीवर जा.

सिंकची बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. एक्स्टेंशन आणि सर्च इंजिनची सेटिंग गुगलच्या सर्व्हरवर जाऊन बसलेली असते. तुम्ही इकडे साफ करता आणि साइन इन करताच तिकडून पुन्हा उतरते. आधी गुगल खात्यातल्या क्रोम डेटाच्या पानावरून तिथला साठा पुसा, मग क्रोम रीसेट करा, मग साइन इन. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्डही त्या साठ्यात असतात, म्हणून बुकमार्क आधी फाइलमध्ये काढून घ्या. डेस्कटॉपवरच्या क्रोम शॉर्टकटची ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘टार्गेट’ च्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावापुढे काही जोडलेलं नाही ना, तेही पाहा.

कोपऱ्यातून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत’ असे निरोप येत असतील तर ती बहुधा नुसती नोटिफिकेशन असतात. कधीतरी कुठल्या साइटवर ‘अलाव’ दाबलेलं असतं. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची परवानगी काढली की संपलं.

शॉर्टकटवाला पेन ड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेन ड्राइव्ह हा याचा नेहमीचा रस्ता. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताच फाइल आपोआप चालायची. विंडोज ७ पासून आणि जुन्या विंडोजवर २०११ च्या अपडेटने ते बंद झालं, म्हणून आता क्लिक तुमच्याकडूनच करून घेतात. खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचे. शॉर्टकट आधी स्क्रिप्ट चालवतो आणि मग तुमचं फोल्डरही उघडून देतो, त्यामुळे संशयच येत नाही.

आधी कॉम्प्युटर साफ करा, पेन ड्राइव्ह नंतर, नाहीतर तो लावताक्षणी पुन्हा बाधतो. फोल्डरवर ‘हिडन’ बरोबर ‘सिस्टिम’ ची खूणही लावलेली असते, म्हणून प्रॉपर्टीजमधली टिक करडी दिसते आणि निघत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पेन ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाकून एंटर दाबा. ओळीच्या सुरुवातीला तेच अक्षर दिसतंय याची खात्री करा. ही कमांड सी ड्राइव्हवर चालवायची नाही. आता ‘अ‍ॅट्रिब’, आणि पुढे एकेक जागा सोडून: वजा एच, वजा आर, वजा एस, स्टार डॉट स्टार, स्लॅश एस, स्लॅश डी. फोल्डर दिसू लागतील. कधी सगळा डेटा नावच नसलेल्या एका फोल्डरमध्ये ढकललेला असतो, तोही उघडून पाहा. हवे ते फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. शॉर्टकट आणि व्हीबीएस किंवा जेएस शेपटाच्या (शेपूट म्हणजे फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) फाइली सोबत घेऊ नका.

हे सगळं होऊनही घरातले मोबाइलसुद्धा भलत्या साइटवर जात असतील तर राउटर तपासा. त्यातला डीएनएसचा, म्हणजे कुठली साइट कुठे आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदललेला असू शकतो. राउटर रीसेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा.

झाडलोट कधी थांबवायची

नोंदीत सॅलिटी, विरुट, रॅमनिट किंवा नेश्ता यांपैकी नाव असेल तर साफ करत बसू नका. हे ईएक्सई फाइलींच्या आतच शिरतात. शेकडो प्रोग्रॅम बाधलेले असतात आणि एक राहिला तरी पुन्हा पसरतो. पासवर्डचोर किंवा दुरून ताबा घेणारा ट्रोजन सापडला असेल, डिफेंडर चालूच होत नसेल, किंवा वरची फेरी दोनदा करूनही तेच येत असेल, तरीही विंडोज नव्याने टाका. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात, त्यासाठी मी पहिल्याच दिवशी हाच सल्ला देईन. झाडलोटीला दोन दिवस जातात आणि मनात शंका उरते. नवीन विंडोजला एक संध्याकाळ लागते.

मग फॉरमॅट मारून फरक का पडला नाही? आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात आणि फॉरमॅट मारणं म्हणजे फक्त सी पुसणं. डी वर तेच बाधलेले सेटअप राहतात, आणि नवीन विंडोज आल्यावर सगळे त्यातूनच पुन्हा बसवले जातात. शिवाय विंडोज अ‍ॅक्टिव्हेटर लावून टाकलेली असेल तर एक्सक्लूजन पहिल्या मिनिटापासून हजर.

म्हणून असं करा. डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा: फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, वर्ड, एक्सेल, टॅलीचा डेटा. ईएक्सई, एमएसआय, एससीआर, शॉर्टकट, स्क्रिप्ट आणि ‘सेटअप’ चं फोल्डर नाही. शक्य असेल तर कॉम्प्युटर विंडोजऐवजी उबंटू किंवा मिंट या लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून कॉपी करा. विंडोज झोपलेलं असल्यामुळे बाहेरची डिस्क बाधत नाही. बिटलॉकर असेल तर तिथेही तीच ४८ अंकी की लागेल. फाइलींची शेपटं बदलून उघडेनाशी झाली असतील तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आहे. त्या फाइली आणि खंडणीची चिठ्ठी तशाच जपा आणि २०१६ पासून चालू असलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ प्रकल्पाच्या साइटवर तुमच्या प्रकाराची किल्ली आहे का ते बघा.

दुसऱ्याच्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन इन्स्टॉलर बनवा. वायफायचा ड्रायव्हरही घेऊन ठेवा. तो नसेल तर मोबाइलचं यूएसबी टेदरिंग कामाला येतं. डेटाची डिस्क काढून बाजूला ठेवा. इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह लावा आणि बूट मेनूतून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा; हा मेनू डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ ने येतो. ‘कस्टम’ निवडा आणि डिस्क ० चे सगळे भाग एकेक करून डिलीट करा, ‘अनअलोकेटेड स्पेस’ ची एकच ओळ उरेपर्यंत. डी आणि ई सुद्धा जातात, म्हणून बॅकअपमधल्या चार फाइली दुसरीकडे उघडून पाहिल्याशिवाय हे बटण दाबू नका. कीसाठी ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडून आधीचीच होम किंवा प्रो आवृत्ती घ्या. मूळ परवाना खरा असेल तर नेट लागताच ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

पहिलं काम विंडोज अपडेट, दुसरं एक्सक्लूजन्सची यादी रिकामी आहे हे पाहणं. रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ खातं वेगळं काढा आणि मुलांनाही तेच द्या. बऱ्याच घुसखोरीला लागणारा प्रशासकाचा अधिकार तिथे नसतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मध्ये फाइलींची शेपटं दाखवणं चालू करा, म्हणजे ‘लाइट बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल पीडीएफचा वेष घेऊन येणार नाही. एखादं पान ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून विंडोज आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला लावत असेल तर ते पान बंद करा; ती कमांड म्हणजेच ट्रोजन. मग बाहेरची डिस्क जोडा, काही उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून डिफेंडरचं स्कॅन पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतरच फाइली परत आणा. पुढचे सात दिवस रोज एकदा प्रोटेक्शन हिस्ट्री उघडा. जुनं नाव परत दिसलं तर तो पत्ता पुन्हा कागदावर लिहा. या वेळी तो बहुधा बाहेरच्या डिस्कचा किंवा पेन ड्राइव्हचा असेल.